काळी, पांढरी आणि वाडा

जुन्या मराठी कागदपत्रांत खेड्याचे दोन भाग सांगितलेले असतात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच ठिकाणी राहिली, चुलीतली राख, गोठ्यातले शेण, पडक्या भिंतींची माती एकावर एक साचत गेली, की ती जमीन हळूहळू पांढुरकी होते. म्हणून गाव म्हणजे पांढरी. शपथ घ्यावयाची ती काळीची आणि पांढरीची; जत्रेत नारळ फोडावयाचा तोही पांढरीच्या नावाने.

या पांढरीवर, आणि बहुधा तिच्या सर्वांत उंच जागी, एक घर असावयाचे. कुठे त्याला गढी म्हणत, कुठे नुसते ‘वाडा’. गावात घरे शंभर असली तरी ‘वाडा’ म्हटल्यावर कोणाचा, असे विचारावे लागत नसे. ‘वाड्यावर बोलावलंय’ एवढे दोन शब्द कानी पडले, की कोणी डोक्याला मुंडासे गुंडाळून लगबगीने निघे, तर कोणाच्या पोटात गोळा येई. एकाच घराने एकाला आधार वाटावा आणि दुसऱ्याला धाक वाटावा, ही काय गोष्ट होती? दिवाळीच्या दिव्यांत आपण आपापली घरे उजळतो. या निमित्ताने गावाच्या त्या मोठ्या घराची हकीकत सांगावी असे मनात आले.

मी लिहितो आहे ते तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाच्या नाकाडोंगरीहून. एका अंगाला सातपुड्याच्या डोंगररांगा, जवळच बावनथडी नदी आणि पलीकडे मध्य प्रदेश. धान, जंगल आणि डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, यांवर हा मुलूख जगतो. आमच्या तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला, आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा उपयोग बंदीखाना म्हणून केला. त्याच्या विहिरीचे दूषित पाणी कैद्यांना पाजून त्यांचा शेवट करीत, असे लोक अजून सांगतात. पण किल्ला राजाचा असतो. तो डोंगरावरून गावाकडे पाहतो. वाड्याचे तसे नाही. वाडा गावात असतो, गावाच्या विहिरीचे पाणी पितो, गावाच्या होळीतला विस्तव नेतो. आमच्याकडचे वाडे मालगुजारीच्या काळातले. त्यांचे वय फार नाही. ज्या मुळापासून ही वाड्याची कल्पना वाढली ते मूळ पाहावयाचे, तर विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजास जावे लागते. तेथे मध्ययुगातल्या एका देशमुखाचा वाडा आजही उभा आहे आणि सरकारने तो संरक्षित केला आहे.

हा देशमुख साधा नव्हता. ते लखुजीराजे जाधव. देवगिरीच्या यादवांशी आपले कूळ सांगणारे, निजामशाहीतले मोठे मनसबदार, आणि सिंदखेडच्या देशमुखीचे वतनदार. त्यांच्या या वाड्यातल्या म्हाळसामहालात १२ जानेवारी १५९८ या दिवशी जिजाऊंचा जन्म झाला, असे मानतात. दरवर्षी त्या तारखेला तेथे माणसांचा पूर लोटतो. वाड्याच्या उत्तुंग दरवाजापुढे उभे राहिले, की पागोट्याला हात लावूनच वर पाहावे लागेल अशी त्याची उंची आहे. आत आता महाल थोडे, चौथरे आणि जोती अधिक. पण एवढ्यावरूनही घराचा आवाका कळतो.

सिंदखेडला नुसता वाडा पाहून परतणारा माणूस अर्धेच पाहून परततो. वाड्याभोवती सारे गावच जाधवांनी घडवलेले आहे. रंगमहाल आहे, रंगपंचमीच्या दिवशी येथेच लहानग्या जिजाऊंनी आणि शहाजीराजांनी एकमेकांवर रंग उडवला आणि सोयरिकीचा विषय निघाला, ही बखरींनी रंगवून सांगितलेली गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. नीलकंठेश्वराचे जुने देऊळ आहे, त्याच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची बारव आहे. काळा कोट म्हणून अजस्र भिंतींची एक वास्तू आहे. गावाबाहेर लखुजीराजांची भव्य समाधी आहे. २०२४ च्या जूनमध्ये या समाधीच्या जतनाचे काम चालू असता केंद्रीय पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली एका जुन्या देवळाचा पाया लागला, आणि आणखी खणता शेषशायी विष्णूची सुमारे १.७० मीटर लांबीची अखंड मूर्ती सापडली. जाधवांच्याही आधी कित्येक पिढ्या या पांढरीवर नांदत होत्या, हे त्या मूर्तीने सर्वांना दाखवले.

आणि या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते तेथले पाणी. मोती तलाव पाहावा. धरणाच्या भिंतीतच दालने आणि सज्जे काढलेले. दुरून पाहणाऱ्यास तलाव नव्हे, तटबंदी वाटावी. चांदणी तलाव पाहावा. त्याच्या मधोमध बांधलेली इमारत आहे. पुतळा बारव पाहावी. तिच्या भिंतींवर दगडी पुतळ्यांची रांग आहे. सजना बारव पाहावी. ज्या घराण्याने राहण्यासाठी एक वाडा बांधला, त्याने गावाच्या पाण्यासाठी दोन तलाव आणि बारवा बांधल्या. हा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य. त्याच्या जोडीला लिहिण्या-हिशेबाला देशपांडे. त्यांच्या खाली गावोगाव पाटील आणि कुलकर्णी. राजे बदलत, आज निजामशाही, उद्या मोगलाई, परवा आणखी कोणी. देशमुख मात्र तोच. कारण वतन वंशपरंपरेचे असे. त्याची वाटणी होई, ते विकले जाई, गहाण पडे, आणि त्यासाठी भाऊ भावाचा गळा कापी. दिल्ली किंवा अहमदनगरचा बादशहा खेड्याला कधी दिसत नसे. खेड्याला दिसे तो देशमुखाचा वाडा. खेड्यापुरते राज्य म्हणजे तोच.

या वाड्याने करावयाचे काय? पहिले काम वसाहतीचे. दुष्काळाने किंवा लढाईने गाव उजाड झाले, की पळालेल्या कुळांना धीर देऊन परत आणावयाचे. पडीक जमीन फोडणाऱ्याला पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असा चढत जाणारा इस्तावा ठरवून द्यावयाचा आणि त्याचा कौल लिहून द्यावयाचा. बी नसेल त्याला बी, बैल नसेल त्याला तगाई. दुसरे काम निवाड्याचे. जमिनीचा बांध, पाटिलकीचा मान, सुनेचे स्त्रीधन, अशा कोणत्याही वादात गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील, आणि त्यांच्याबरोबर बलुतेदारही. झालेला निर्णय महजरावर लिहीत आणि त्याखाली प्रत्येक जण आपली निशाणी करी: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे हत्यार. लिहिता न येणाऱ्या माणसाचीही साक्ष त्या कागदावर उमटलेली असे.

तिसरे काम धान्याचे. वाड्याची खरी तिजोरी देवघरामागच्या कोनाड्यात नसे. ती पेवात आणि बळदात असे. सुगीला धान्य आत जाई, आणि आषाढात कणग्या रिकाम्या झाल्या की त्यातलेच काही दीडीने किंवा सवाईने बाहेर येई. चौथे काम आसऱ्याचे. जाड मातीच्या भिंती, बुरूज, भिंतीत बंदुकीसाठी जंग्या, दरवाज्याला लाकडी अडसर, आत आड. हे सारे थाटासाठी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत पेंढाऱ्यांच्या टोळ्या वऱ्हाड-नागपूर प्रांतांत धुमाकूळ घालीत, तेव्हा धुरळा दिसताच बायकापोरे आणि गुरेढोरे गढीत घेऊन दरवाजा लावून घेणे, हाच गावाचा बचाव होता.

हे एवढे सांगितले म्हणजे वाडा हा गावाचा मायबाप होता असे वाटेल. पुष्कळ कादंबऱ्यांतून आम्ही लेखकांनी तसे रंगवलेही आहे. पण ज्या दरवाज्याने गाव आत घेतले, त्याच दरवाज्याने गावाचे पुष्कळ काही आत गेले आणि बाहेर आले नाही.

वतनाबरोबर हक्क असत. वसुलात हिस्सा असे, इनाम जमीन असे, आणि त्याखेरीज बारीकसारीक हक्कांची लांबलचक यादी असे. तेल्याने तेल द्यावे, चांभाराने जोडे द्यावे, धनगराने घोंगडी द्यावी. पोळ्याला पहिला बैल वाड्याचा, होळीला पहिली पोळी वाड्याची, विडा पहिला वाड्याला. हे मानपान मोडले म्हणून रक्त सांडल्याचे दाखले आहेत. आणि याहून जड होती ती वेठ. वाड्याचे लाकूड फोडणे, निरोप घेऊन कोसभर धावणे, भिंती लिंपणे, मेलेले जनावर ओढून नेणे. यातले सर्वांत कष्टाचे आणि कमीपणाचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना दरवाज्याच्या आत पाऊल ठेवण्याची मात्र मुभा नव्हती. वाड्याच्या पायाचे दगड ज्यांनी वाहिले त्यांनी वाडा आतून कधी पाहिला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गाठ नेमकी ओळखली. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. वतन म्हणून दिलेला जमिनीचा तुकडा हा मान नसून बेडी आहे. त्या तुकड्यापायी एक सबंध समाज रात्रंदिवस दुसऱ्याच्या हुकमाला बांधला गेला आहे, हा त्यांचा मुद्दा होता. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. बाबासाहेब तो पाहावयास नव्हते. वाड्याचा इतिहास लिहिताना बुरुजाची उंची लिहावी आणि ही तीस वर्षे लिहू नयेत, हे बरे नव्हे.

वाड्याचे बळ राजालाही टोचत असे. सिंदखेडच्या गोष्टीचा खरा मर्मभाग येथे आहे. २५ जुलै १६२९ रोजी लखुजीराजे दौलताबादेस निजामशहाच्या दरबारी मुजऱ्यास गेले असता दग्याने मारले गेले; त्यांच्याबरोबर दोन मुलगे आणि एक नातूही कापले गेले. घराच्या चार पुरुषांची प्रेते एका दिवशी पडली. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर जिजाऊंच्या पोटी शिवरायांचा जन्म झाला. त्याच सुमारास दख्खनवर १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ कोसळला. माहेरच्या वाड्याचे वैभव, दरबाराचा दगा आणि ओस पडलेली गावे, हे सगळे या बाईंनी एका वयात पाहिले. पुढे पुण्यास येऊन त्यांनी उजाड गाव पुन्हा वसवले, निवाडे केले. देशमुखाच्या घरात काय करावयाचे असते, हे त्या माहेरीच शिकल्या होत्या.

आणि याच बाईंच्या मुलाने काय केले? १६९७ च्या सुमारास जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने ते नोंदवून ठेवले आहे. वतनदार वाडे, हुडे, कोट बांधून, शिबंदी ठेवून माजले होते; रयतेकडून मन मानेल तसे घेत आणि राजालाही जुमानीत नसत. शिवाजीमहाराजांनी हे हुडे-कोट पाडून टाकले. वतनदाराने बुरूज नसलेले साधे घर बांधून राहावे आणि त्याचा हक्क ठरवून दिला तेवढाच घ्यावा, असा बंदोबस्त केला. विचार करावा. ज्यांची आई एवढ्या थोर वाड्यात जन्मली, त्यांनी वाड्यांचे बुरूज उतरवले! घर पाडले नाही, हुडा पाडला. घराने गावाला सांभाळावे हे त्यांना हवे होते. घराने गावाला धरून ठेवावे हे नको होते. पुढे १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी हीच सावधगिरी सांगितली आहे: हे लोक म्हणजे राज्यातले छोटे छोटे राजेच होत, त्यांना दुखवू नये आणि वाढूही देऊ नये.

बुरुजाची ही धास्ती एकट्या मराठी मुलखाची नव्हती. इंग्लंडातही खेड्याखेड्यांत असाच एक ‘मॅनर’ असे. १०८६ साली विजेत्या विल्यम राजाने करवलेल्या प्रचंड पाहणीत अशा मॅनरांची मोजदाद आहे. तेथेही दिवाणखान्यात गावाचे न्यायासन बसे, कुळांना आठवड्यातले काही दिवस धन्याच्या शेतात फुकट राबावे लागे, आणि दळण दळावयाचे ते धन्याच्याच चक्कीवर. श्रॉपशायर परगण्यात स्टोकसे नावाचे तेराव्या शतकातले असे एक घर आजही जपून ठेवलेले आहे. ते लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याचे. पैसा पुष्कळ, पण आपल्याच घराच्या भिंतीला किल्ल्यासारखे कंगोरे काढावयाचे तर त्याला राजाचा परवाना घ्यावा लागला. तो १२९१ साली मिळाला. देश निराळे, धर्म निराळे; पण घर कोठवर घर असते आणि कोठून गड होऊ लागते, यावर डोळा ठेवणारा राजा दोन्हीकडे सारखाच.

बुरुजाची किंमत गावाला कशी मोजावी लागते हे सिंदखेडनेच एकदा पाहिले. अठराव्या शतकात सिंदखेडचे जाधव निजामाच्या पक्षाला होते. १७५७ च्या डिसेंबरात पेशव्यांच्या फौजेने रामचंद्र जाधवांना सिंदखेडातच कोंडले. निजामअली सोडवावयास आला, लढाई झाली, आणि शेवटी तहात पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग पेशव्यांना मिळाला. इतिहासात पंचवीस लाख लिहिलेले आहेत. वेढा पडला तेव्हा गावातल्या माणसांनी किती दिवस काय खाल्ले, हे कोणी लिहिलेले नाही. वाडा आसरा देतो हे खरे. पण पुष्कळदा शत्रू गावावर येतो तोही वाड्यापायीच.

आता आमच्या मुलखाकडे वळू. वैनगंगेच्या खोऱ्यात देशमुखीची मुळे वऱ्हाडाइतकी खोल गेली नाहीत. येथे गोंडांचे राज्य होते, जंगल दाट होते, आणि माणसाला मोल होते. चांद्याच्या गोंड राजांनी एक शहाणपणाची रीत घातली होती: जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन बक्षीस. अशा जमिनीला ‘तुकूम’ म्हणत. या उत्तेजनाने कोहळी समाजाचे लोक पुढे सरसावले. दोन टेकड्यांमधला उतार हेरावा आणि मातीची पाळ घालून पाणी अडवावे, ही विद्या त्यांच्या हातात होती. हाती ना दुर्बीण ना नकाशा. पावसाळ्यात वाहत्या पाण्यामागे चालत जाऊन ते जागा ठरवीत, असे सांगतात. आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावचा बांध, सात बहिणी म्हणवणाऱ्या टेकड्यांच्या कुशीतला, अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. लोकांनी या माणसाला मरणानंतर देव केले. कोलासूर म्हणून त्याची पूजा होते. वाडा बांधला म्हणून देव झालेला माणूस मी ऐकला नाही. तलाव बांधणारा झाला.

१८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने आमच्याकडच्या गावप्रमुखांना मालगुजार म्हणून गावाची मालकीच देऊन टाकली. मग चौकाचे, ढाळजेचे, कोरीव लाकडी खांबांचे वाडे गावोगाव उभे राहिले. मालगुजाराला गाव मानी ते त्याच्या घोडागाडीमुळे नव्हे. धानाला ऐन पोटरीवर पाणी लागते, आणि आश्विनात पाऊस दगा देतो. त्या आठ-पंधरा दिवसांत तलावाचे पाणी मिळाले तर वर्षाचे अन्न, नाही तर तणस. म्हणून पाळीला भेग पडली तर वाड्यावर रात्री हाक जाई. तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे तोंड, कधी उघडावयाचे हे वाड्याच्या ढाळजेत ठरे. आणि कोणाच्या बांधीला आधी, कोणाच्या नंतर, हे पाणकर पाहत असे. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून लोक गाड्यांनी आपापल्या शेतात नेत. तलाव खोल होई, शेत सकस होई. ढिवरांना मासे मिळत, शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरे, गुरांना पाणी राही. या कामात वेठ नव्हती असे म्हणवत नाही; होती. पण त्या वेठीतून निघालेले पाणी निदान सगळ्या गावच्या बांध्यांतून फिरत होते.

दिवाळी आली की हे नाते उघड डोळ्यांनी दिसे. पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असते. गोवारी लोक गाईगुरांना सजवतात, वाजतगाजत नाचत गावभर फिरतात आणि दारोदार ओवाळणी घेतात. वर्षभर ज्याने गावाची गुरे राखली, त्याच्या त्या दिवशीच्या नाचापुढे वाड्याचाही दरवाजा सताड उघडावा लागे. भाऊबीजेपासून मंडया भरू लागत. रात्रभर दंडार चाले. मालगुजार बैठकीवर पुढे बसे, गाव भुईवर बसे, आणि दंडारीतला सोंगाड्या भरसभेत वाड्यालाच चिमटे काढी. वर्षातून एक रात्र गावाला ही मुभा होती. मंडई आणि दंडार आजही आहेत. बैठकीवर आता दुसरे लोक बसतात.

कारण वाड्याचे राज्य संपले. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ रोजी गावाची मालकी, जंगल आणि तलाव यांच्यासह, सरकारकडे गेली. इतर मराठी मुलखात परगणे आणि कुलकर्णी वतनांचा कायदा १९५० चा, आणि मुलकी पाटलांचे पद रद्द करणारा कायदा १९६२ चा. बारा-तेरा वर्षांच्या आत चारपाचशे वर्षांची घडी उलगडली. हे व्हावयासच हवे होते. एका घरी जन्मला म्हणून हुकूम करावयाचा आणि दुसऱ्या घरी जन्मला म्हणून तो झेलावयाचा, हे स्वतंत्र देशात चालणार कसे?

पण वाड्याचा हुकूम गेला त्याच दिवशी वाड्याची जबाबदारीही गेली, आणि ती कोणी उचलली याचा हिशेब अजून लागलेला नाही. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोकांनी त्या लांबलचक सरकारी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव केले आहे. मामाचे नाते मोठे. पण मामाकडे लक्ष कोण देतो? पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, पाळींवर झुडपे माजली, पोटात शेते शिरली. आता पाळीला भेग पडली तर रात्री कोणाच्या दाराशी हाक मारावयाची, हे गावाला ठाऊक नसते. अर्ज मात्र करता येतो.

आणि वाडे? महाराष्ट्रात प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० साली झाला, केंद्र सरकारचा १९५८ साली. सिंदखेडचा वाडा या छत्राखाली आला हे आपले भाग्य. जिजाऊंचे नाव त्या जागेला नसते तर तिचे काय झाले असते, हे इतर गढ्यांकडे पाहून कळते. खांब आणि कोरीव दरवाजे विकले गेले. भाऊबंदकीच्या खटल्यात छपरे बसली. गढीची पांढरी माती खताला उत्तम, म्हणून लोक गाड्या भरभरून ती शेतात नेतात. चारशे वर्षांची पांढरी अशी पुन्हा काळीत मिसळून जाते. एका अर्थी हा न्यायच म्हणावयाचा: काळीतून जे वाड्याने घेतले ते वाडा काळीला परत करतो आहे.

तरीही मला वाटते, प्रत्येक तालुक्यात निदान एक वाडा उभा राहावा. वतनदारांचे कौतुक म्हणून नव्हे. मी ज्यांना शिकवतो ती मुले शेतकऱ्यांची, ढिवरांची, गोवाऱ्यांची, खाणीवर जाणाऱ्यांची आहेत. राजा आणि लढाई त्यांना पुस्तकात भेटते. त्यांचे पणजोबा मात्र कोणत्याही पुस्तकात नाहीत. ते होते या वाड्याच्या देवडीवर, गोठ्यात, जात्यापाशी, तलावाच्या पाळीवर. ते घर संपूर्ण नाहीसे झाले, तर जमीनदाराच्या नातवाचे फारसे बिघडणार नाही. त्याच्याकडे कागद आहेत, तसबिरी आहेत. ज्यांनी पाटीने माती वाहिली त्यांच्या आयुष्याची तेवढी एकच खूण आहे, आणि ती म्हणजे ती माती.

म्हणून वाडा राखावयाचा तर त्याच्या दरवाज्याशी बांधणाऱ्याच्या नावाबरोबर हेही लिहावे, की येथे निवाडे होत, येथे पेवे होती, येथून तुडुमाचा हुकूम जाई, येथे वेठीला माणसे येत आणि अमक्या लोकांना आत येऊ देत नसत. दिवाणखाना दाखवावा तशी देवडीही दाखवावी. आणि वाड्याच्या डागडुजीला पैसा निघेल तेव्हा त्याच गावच्या तलावाची पाळही त्यात धरावी. सिंदखेडच्या जाधवांनी वाड्याबरोबर मोती तलाव बांधला होता. कोहळ्यांनी तर आधी तलाव बांधला आणि मग घराचा विचार केला. या दोन्ही गोष्टी एकाच खर्चात धरण्याइतके शहाणपण आपल्या पूर्वजांना होते.

यंदा भाऊबीजेला ज्यांचे पाय गावाकडे वळतील त्यांनी एक करावे. मंडईत फिरून झाले, की मुलांना घेऊन गावाच्या जुन्या वाड्यापर्यंत जावे. पडका असला तरी जावे. तेथे कोण राहत होते ते सांगावे, आणि बाहेर कोण उभे असे तेही सांगावे. मग तसेच पुढे तलावाच्या पाळीवर न्यावे. या दिवसांत धान पिवळे पडू लागलेले असते, आणि तलावात पाणी किती उरले आहे ते पाळीवरून स्पष्ट दिसते.